तू सोशिक नव्हतीस

आजी, तुझ्या शोकसभेत तुला सोशिक म्हणाले.

एकदा नाही, चारदा. तू जिथे राबलीस त्या भात केंद्राच्या सभागृहात टेबलावर तुझा फोटो ठेवला होता, ओळखपत्रावरचा, मोठा करून घेतलेला. त्यात तू अशी बघतेयस, जणू फोटो काढणाऱ्याने तुझी कोंबडी चोरलीय. त्या फोटोला शेवंतीचा हार घालून माणसं एकामागून एक उठली आणि बोलली. शांत बाई. सोशिक बाई. कधी कुणाला उलटून बोलली नाही. मी दुसऱ्या रांगेत बाबांच्या शेजारी बसले होते. मला वाटलं, आपण चुकून दुसऱ्याच कुणाच्या शोकसभेला येऊन बसलोय.

मग साहेब उठला. तू त्याचं नाव कधी घेतलं नाहीस, नुसतं साहेब म्हणायचीस, आणि तेही तोंडात खडा आल्यासारखं. मीही घेत नाही. निवृत्त होऊन काही वर्षं झालीत त्याला, केस पांढरे झालेत, पण आवाज तोच. म्हणाला, "हिराबाईंकडून एकदा मोठी चूक झाली होती. भाताच्या ओळींवरच्या आकड्यांच्या पाट्यांची अदलाबदल. दोन वर्षांचं काम वाया गेलं. पण गरीब बाई, नातीला एकटीनं वाढवत होती. आपण सांभाळून घेतलं. तिनेही ते उपकार शेवटपर्यंत स्मरले."

माझ्या हाताची मूठ बाबांनी धरली. त्यांना कळलं होतं, मी उठणार.

आजी, मी त्याच क्षणी उठले असं इथे लिहिलं असतं तर बरं वाटलं असतं. पण तुझ्याशी खोटं बोलून काय उपयोग? मी आधी बसूनच राहिले. कारण वीस वर्षांपूर्वी जे झालं ते मला ठाऊक होतं, आणि नऊ वर्षांपूर्वी मी जे केलं तेही.

आई गेली तेव्हा मी अडीच वर्षांची. बाबा कसाऱ्याला हायवेच्या कामावर, आठवड्याने यायचे. तू सकाळी भाकऱ्या थापून मला शेजारच्या काकूकडे ठेवायचीस आणि आपल्या गावाहून, शेणव्याहून, पहिल्या गाडीने कृषी विद्यापीठाच्या भात संशोधन केंद्रावर जायचीस. सुट्टीच्या दिवशी मला बरोबर न्यायचीस. मी बांधावर बसायचे आणि तू गुडघाभर भातात, हातात बारीक कात्री नि चिमटा.

संकराचं ते काम मी नंतर कॉलेजात शिकले. मोठमोठ्या मास्तरांना करताना पाहिलं. तुझ्यासारखा हात मला कुठे दिसला नाही. भाताचं फूल ते केवढं, तांदळाएवढं. त्याचं टोक कातरायचं, आतले सहा पिवळे परागकोश एकेक करून काढायचे, आणि मधल्या नाजूक भागाला धक्का लागू द्यायचा नाही. मग दुसऱ्या जातीची फुललेली लोंबी आणून वरून हलकी झटकायची आणि कागदाची पिशवी चढवायची. तू ते करताना श्वास धरायचीस. मी विचारलं तर म्हणालीस, "आपला वारा त्याला लागता नये गो. लगीन त्यांचं हाय, आपलं नाय."

ज्या लोंबीला तुझा हात लागला तिच्यात दाणा धरायचाच, असं केंद्रावर सगळे म्हणायचे. साहेबही म्हणायचा. पाहुणे आले की तुला पुढे करायचा, "ही आमची हिराबाई, शाळेत गेली नाही, पण हात बघा." कागदावर तू मजूरच होतीस.

मी पहिलीत गेले तेव्हा तूही पाटी घेऊन बसलीस. सगळं नको, फक्त नाव लिहायला शिकव म्हणालीस. मी सहा वर्षांची मास्तरीण. 'हि'ची वेलांटी तू कायम उलट्या बाजूला काढायचीस, आणि मी तुझ्या बोटांवर पट्टी मारायचे. तू हसायचीस. पावसाळा सरेपर्यंत तुला नाव लिहिता यायला लागलं. गाठीगाठीचं, डोंगर चढल्यासारखं, पण तुझं.

त्याच वर्षी केंद्रावर तपासणी समिती आली. साहेबाच्या स्वतःच्या संकराच्या ओळी खुजट राहिल्या होत्या, रोग पडला होता. शेजारच्या ओळी मात्र भरून उभ्या. समिती यायच्या आदल्या दिवशी साहेबाने दोन्हींच्या पाट्या आपसात हलवायला लावल्या. उद्यापुरत्या. समिती खूश होऊन गेली, साहेबाची पाठ थोपटली गेली, आणि पाट्या परत जागेवर लावायचं राहून गेलं. भात कापलं गेलं, झोडपलं गेलं, चुकीच्या आकड्याने पिशव्यांत भरलं गेलं. पुढच्या हंगामात ते उगवून आल्यावर सगळी गडबड उघडी पडली. वरून चौकशी आली.

साहेबाने तुझं नाव सांगितलं. बाईला आकडे वाचता येत नाहीत, म्हणाला. पाट्यांवरचे आकडे तू माझ्या जन्माआधीपासून वाचत होतीस.

त्या दिवशी संध्याकाळी तू घरी आलीस ते मला आठवतं. चप्पल काढली नाहीस. पायरीवर बसलीस, मी पाटी घेऊन आले तर ती माझ्या हातातून काढून घेतलीस आणि वर माळ्यावर टाकलीस. खूप वर्षांनी तू मला सांगितलंस काय झालं ते. कारकुनाने आधीच लिहून ठेवलेलं वाचून दाखवलं, 'माझ्या हातून चूक झाली, मला मान्य आहे.' साहेब म्हणाला, कबूल केलंस तर कामावर राहशील, नाही तर उद्यापासून येऊ नकोस. कारकुनाने शाईचा डबा पुढे केला, अंगठा दे म्हणाला. आणि तू म्हणालीस, "सही करीन."

मी तुला विचारलं, का? खोटंच होतं तर अंगठा द्यायचा, सही कशाला?

"अंगठा दिला असता तर म्हनले असते, बाईला काय लिवलंय ते कळलं नाय. मला कळलं व्हतं. मला सगळं कळलं व्हतं, आनि हे त्याला म्हाईत पायजे."

मी शिकवलेली सही तू आयुष्यात एकदाच केलीस, आजी. निवृत्तीच्या कागदांवर तू अंगठा दिलास, रेशनकार्डावर दिलास, माझ्या कॉलेजच्या फॉर्मवर पालक म्हणून दिलास. लोकांना वाटलं, अडाणी म्हातारी.

त्यानंतर तुला शेतातून काढलं. विश्रामगृहात झाडलोट आणि चहा. त्या हातांना कपबशा विसळायला लावल्या. अकरा वर्षं. आणि लोक म्हणतात, तू सोसलंस.

तू काय केलंस ते मी सांगते. साहेब पुढे केंद्राचा प्रमुख झाला, रोज दुपारी त्याला चहा लागायचा. तू रोज त्याला गार चहा दिलास. एकदम थंड नाही, तक्रार करता येईल एवढा नाही. पहिल्या घोटाला तोंड वाकडं होईल एवढा. तो म्हणायचा, "हिराबाई, गरम करून आणा." तू म्हणायचीस, "व्हय साहेब." पुन्हा आणायचीस, पुन्हा तसाच. दुसऱ्या साहेबांना वाफाळता मिळायचा, पाहुण्यांना मिळायचा, गाडीच्या ड्रायव्हरला मिळायचा. त्याला नाही. त्याला कळत होतं. आणि तो कुणाला सांगू शकत नव्हता, कारण काय सांगणार? घरी येऊन तू मला ते करून दाखवायचीस, तो कप ओठाला लावून थांबतो कसा, मग भुवई कशी चढते, आणि आपण दोघी पोट धरून हसायचो. ही तुझी सहनशीलता.

तू त्याला माफ केलं नाहीस. दिवाळीला त्याने साडी पाठवली तर ती बैलाच्या अंगावर टाकलीस. त्याच्या मुलीच्या लग्नाचं आमंत्रण चुलीत घातलंस. गावातल्या बायका म्हणायच्या, किती धरून ठेवशील गो मनात? तू म्हणायचीस, "माजं मन हाय, मी धरीन."

आणि मी काय केलं ते आता सांगते. तुला ठाऊकच आहे, पण माझ्या तोंडून तू कधी ऐकलं नाहीस.

बारावीनंतर मला कृषी महाविद्यालयात प्रवेश मिळाला, पण वसतिगृहात जागा मिळेना. यादीत नाव खाली. कुणीतरी सांगितलं, तुझ्या आजीच्या ओळखीचे साहेब आता मोठ्या हुद्द्यावर आहेत, त्यांचं पत्र आण, काम होईल. मी तुला न सांगता गेले. त्याने मला बसवलं, पाणी दिलं. म्हणाला, "हिराबाईची नात ना तू? फार कष्टाळू बाई. एक चूक झाली तिच्याकडून. पण मी सांभाळून घेतलं तिला."

आणि मी म्हणाले, "हो सर."

तेवढंच. दोन शब्द. त्याने पत्र लिहून दिलं आणि मला जागा मिळाली.

तुला त्या पत्राची झेरॉक्स माझ्या दप्तरात सापडली. तुला वाचता येत नव्हतं, पण खालची त्याची सही तू ओळखलीस, तुझ्या त्या कागदावर तुझ्या सहीशेजारी तीच तर होती. तू मला काही बोलली नाहीस. बारा दिवस बोलली नाहीस. भाकरी वाढायचीस, डोक्याला तेल लावायचीस, माझ्या पत्र्याच्या पेटीत कपडे घड्या करून भरायचीस, सगळं गप्प. तेराव्या दिवशी मुरबाडच्या स्टँडवर मला गाडीत बसवलंस आणि खिडकीतून म्हणालीस, "शीक. पन त्याच्या कागदावर शिकलेय असं कधी बोलू नको. तू माज्या हातावर शिकलीस."

त्यानंतर आपलं भांडण कधी मिटलं नाही. मला नोकरी लागली, मी मुरबाडला कृषी सहाय्यक झाले, गावोगाव फिरून लोकांना बियाणं निवडायला सांगू लागले, आणि रात्री जेवताना तुझं साहेबपुराण सुरू झालं की मी म्हणायचे, "आजी, सोड ना आता. किती वर्षं झाली." तू ताटावरून नजर न उचलता म्हणायचीस, "तुला सोडायला काय लागतंय? तुजं काय गेलंय?"

मी शहाणपण सांगत नव्हते, आजी. मला लाज वाटत होती. तू विसरलीस तर माझं ते 'हो सर'ही पुसलं जाईल, असं मला वाटत होतं.

भात फुलोऱ्यावर आलं आणि तू गेलीस. शेवटचे आठ दिवस उजवा हात हलत नव्हता. मी तुझी बोटं चोळायचे. ती अजून चिमटा धरल्यासारखी जुळायची.

तर शोकसभा. साहेब 'उपकार' म्हणाला आणि खाली बसायला लागला. माझी मूठ मी बाबांच्या हातातून सोडवली. उभी राहिले.

"तिच्याकडून चूक झाली नव्हती," मी म्हणाले. "पाट्या तिने हलवल्या नव्हत्या. तिला आकडे वाचता येत होते. पाट्या तुम्ही हलवायला लावल्या, आणि दोष तिच्यावर ढकललात."

साहेब हसला, मोठ्या माणसांचं ते समजुतीचं हसू. "बाळ, तू दुःखात आहेस. ही ती वेळ नाही. आणि तुझ्या शिक्षणासाठी मीच—"

"हो," मी म्हणाले. "तुमचं पत्र मी घेतलं. माझ्या आजीची चूक झाली असं तुम्ही म्हणालात आणि मी हो म्हणाले. ते खोटं बोलले मी. आज सगळ्यांसमोर सांगते, खोटं बोलले."

"पुरावा काय?" कुणीतरी मागून म्हणालं. माझ्याकडे पुरावा नव्हता, आजी. माझ्याकडे फक्त तू होतीस, आणि तू हाराखाली.

तेव्हा शेवटच्या रांगेतून मंजुळामावशी उठली. तुझ्याबरोबर पंधरा वर्षं शेतात राबलेली, तुझी मंजुळा. काठी टेकत उभी राहिली. मला वाटलं, मला खाली बसवायला उठलीय.

"पाट्या मी हलवल्या," ती म्हणाली.

साहेबाचं हसू तिथंच थांबलं.

"मला ह्यांनी सांगितलं. म्हनले, ह्या ओळीच्या तिकडं लाव, तिकडच्या ह्या ओळीला. उद्यापुरत्या. मी लावल्या. चौकशी आली तवा मी हिराकडं गेले, रडत. म्हनलं, मी जाऊन सांगते. तर माज्यावरच खेकसली. म्हनली, गप बस. तुजी दोन पोरं लहान हायत, नवरा दारू पितो. तुला काढलं तर काय खाशील? माज्या घरात माजा पोरगा कमावता हाय. मी बघते. त्याला मी बघते." मावशी तुझ्या फोटोकडे वळली. "एवढी वर्षं माजं नाव कुनाला सांगितलं नाय तिनं. ह्या पोरीला बी नाय."

खरंच, आजी. मला नाही सांगितलंस. मी तुला इतक्या वेळा 'सोड' म्हणाले, तुझ्यावर चिडले, आणि तू एकदाही म्हणाली नाहीस की मी एका बाईला वाचवत होते. राग तू माझ्यासमोर मांडलास, आणि हे मात्र लपवलंस. मी तिथेच खुर्चीच्या पाठीला धरून रडले. दुःखाने नाही नुसतं. मला तुझा अभिमान वाटला आणि त्या माणसाचा भयंकर राग आला.

मावशीबरोबर आणखी दोन जुन्या बायका उभ्या राहिल्या. त्यांनीही पाहिलं होतं. केंद्राची आताची प्रमुख, माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठी असेल, ती शांतपणे म्हणाली, "लेखी द्या. मी वर पाठवते." दुसऱ्या दिवशी आम्ही अर्ज दिला. त्या तिघींनी आणि मी. हिराबाईच्या सेवापुस्तकातला तो जबाब रद्द करावा. मंजुळामावशीने अंगठा देताना विचारलं, "आता मला काय करतील गो?" मी म्हणाले, "काही नाही मावशी." ती म्हणाली, "केलं तरी चालंल."

तीन आठवड्यांनी, रविवारी, साहेब आपल्या अंगणात आला. गाडी रस्त्यावर ठेवून चालत आला, बरोबर कुणी नाही. बाबांनी खुर्ची दिली, पाणी दिलं. मी उभीच राहिले. त्याला विद्यापीठातून विचारणा झाली होती.

"वैशाली, हे आपसात मिटवू," तो म्हणाला. "अर्ज मागे घे. माझं वय झालंय. हृदयाचं दुखणं आहे. लोकांत नाव आहे थोडंफार."

"तिचंही होतं," मी म्हणाले.

"मग काय करू?"

मी घरातून वही आणि पेन आणलं. "लिहा. पाट्या कुणी हलवायला लावल्या ते."

बाबा म्हणाले, "वैशू, जाऊ दे गो, म्हातारा माणूस हाय." मी त्यांच्याकडे पाहिलं नाही. साहेबाने वही मांडीवर घेतली. मग लिहायला लागला. अर्ध्यात थांबून विचारलं, "हिराबाईंचं पूर्ण नाव काय?"

सव्वीस वर्षं तू त्या केंद्रावर काम केलंस, आजी. मी नाव सांगितलं. त्याने लिहिलं.

मी वाचलं. 'माझ्याकडून अनवधानाने पाट्यांची जागा बदलण्याच्या सूचना दिल्या गेल्या,' असं लिहिलं होतं.

"अनवधानाने काढा."

"अगं, अर्थ तोच राहतो."

"मग काढायला हरकत काय?"

त्याने तो शब्द खोडला. "आणि 'दिल्या गेल्या' नको," मी म्हणाले. "'मी दिल्या' लिहा." त्याने तेही लिहिलं. मला दया यायला हवी होती, लोक म्हणतील. नाही आली. मला ते अक्षर बघताना बरं वाटत होतं. तहान लागल्यावर पाणी प्यावं तसं बरं. खाली त्याने सही केली. मी कागदाचा फोटो काढला आणि कागद घडी करून ब्लाउजमध्ये ठेवला, तू बसचं तिकीट ठेवायचीस तसा.

"आता अर्ज मागे घेशील?"

"मी असं कुठे म्हटलं?" मी म्हणाले. "हा कागद अर्जाला जोडणार."

त्याने खुर्चीतून उठायचा प्रयत्न केला, बाबांनी हाताला धरलं. पायरीपर्यंत गेला, मग वळला. आजी, त्याचे डोळे भरले होते. नाटक नव्हतं, मला ते कळतं.

"एक सांगशील?" तो म्हणाला. "शेवटी... माझ्याबद्दल काही म्हणाली का? मनातून काढलं का तिनं?"

बाबा माझ्याकडे बघत होते. हो म्हण, असं त्यांचे डोळे सांगत होते. एक शब्द. म्हातारा माणूस शांतपणे घरी जाईल. त्याला हवं होतं ते मी पूर्वी एकदा म्हटलंय.

"नाही," मी म्हणाले. "जायच्या चार दिवस आधी तिने मला विचारलं, तो अजून जिता हाय ना? मी म्हटलं, आहे. तर म्हणाली, बरा राहू दे त्याला. कान धड राहू देत. ऐकायला पायजे त्यानं."

बाबांनी त्याला गाडीपर्यंत पोचवलं. मी अंगणात उभी राहिले, गाडी वळणाआड जाईपर्यंत.

त्याने ऐकलंय, आजी.